फवारणी पंपाची बॅटरी अन् घरचे दिवे : प्रकल्प नोंदी

१६ जानेवारी

हरभऱ्यावर घाटेअळीची शेवटची फवारणी आटोपली. पंप साबणाच्या पाण्यानं धुतला अन् या वर्षी बॅटरी पंपात ठेवली नाही, काढून घरात आणली. दरवर्षीचं रडगाणं असं की जानेवारीत पंप गोठ्यात खुंटीला टांगायचा, तो थेट जुलैत पऱ्हाटीवर तुडतुडे दिसले की खाली काढायचा, चार्जरला लावायचा, अन् चार्जरचा लाइट दहा मिनिटातच हिरवा झाला की समजायचं, बॅटरी गेली. करंटच घेत नाही ती, मग चार्जरला वाटतं भरली. मग हजाराच्या आसपास घालून नवी आणा. आमच्या घाटंजीकडच्या पट्ट्यात घरोघरी हेच चालू आहे.

बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट ८ एएच (अँपिअर-तास), सीलबंद लेड ॲसिड. ही पडून राहिली की मरते. २५ अंश गरमीत महिन्याला साधारण ३ टक्के चार्ज आपोआप उतरतो अन् दर १० अंशाला हा वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या गोठ्यात ४५ म्हणजे काही विशेष नाही, तेव्हा हिशेब करा. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट जमतं, कडक होतं, मग कितीही चार्ज करा ते सुटत नाही.

तर ठरवलं असं की जानेवारी ते जून ही बॅटरी घरात कामाला लावायची. काम म्हणजे दिवे. लाइन गेली की चुलीपाशी, ओसरीत अन् मागं संडासाकडं उजेड पाहिजे. तीन दिवे, १२ व्होल्टवर, साधे ट्रान्झिस्टरचे सर्किट. दिवा लागणं सोपं आहे, ते कोणालाही जमतं. सर्किटनं बॅटरी सांभाळली पाहिजे, ही माझी अट.

२० जानेवारी

पहिला सवाल शेजारच्या काकाजींचा. "काहून इतका कुटाणा करून राहिला, छोटा इन्व्हर्टर घे अन् घरचेच बल्ब लाव नं." बरोबर वाटतं ऐकायला. पण पाहा, बॅटरीतला १२ व्होल्ट डीसी इन्व्हर्टर २३० व्होल्ट एसी करणार, तिथं काही खाणार, अन् एलईडी बल्बच्या आत जो ड्रायव्हर असतो तो तेच २३० परत डीसी करणार, तिथं पुन्हा खाणार. शिवाय छोटा इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी बॅटरीतून पीत राहतो. एलईडीला डीसीच लागतो अन् आपल्याकडं डीसीच आहे, मधात २३० आणायचं कामच काय?

दुसरा सोपा रस्ता म्हणजे तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये अन् एक रेझिस्टन्स. पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास घेतो (आत निळी चिप असते अन् वर पिवळसर फॉस्फर, त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल अकासाकी, अमानो अन् नाकामुरा या तिघांना मिळालं), तर तिघांचे ९. उरलेले ३ ते ४ व्होल्ट रेझिस्टन्सनं खायचे. २७ ओहम धरला तर बॅटरी १२.७ ला असताना १३७ मिलिअँपिअर जातात, बॅटरी ११.४ ला आली की ८९, अन् चार्जर लागलेला असताना १४.४ ला २०० मिलिअँपिअर. म्हणजे उजेड बॅटरीच्या तालावर वर-खाली होणार अन् नेमका चार्जिंगच्या वेळी एलईडी तापणार. त्यापेक्षा दोन ट्रान्झिस्टर वापरले तर करंट पक्का बांधून ठेवता येतो, खर्च दहा-वीस रुपयांनी वाढतो.

सामान लिहून काढलं. नागपूरला कामानिमित्त भाऊ चालला आहे, सीताबर्डीतून आणेल. बीडी १३९, बीडी १४०, बीसी ५४७ हे ट्रान्झिस्टर, एक वॉटचे एलईडी ॲल्युमिनियमच्या स्टार प्लेटवर बसवलेले, झिरो पीसीबी (सर्किट जोडायची भोकांची पाटी), काचेचे फ्यूज अन् होल्डर, ११ व्होल्टचे झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की उलटाही वाहू लागणारा डायोड) मूठभर. मूठभर का ते पुढं येईल.

२७ जानेवारी

पहिला दिवा लागला. सर्किट लिहून ठेवतो.

बॅटरीचा प्लस, मग तीन एलईडी सिरीजमध्ये, मग बीडी १३९ चा कलेक्टर (ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, कलेक्टर, बेस अन् एमिटर). एमिटरपासून मायनसला ४.७ ओहम. बीडी १३९ च्या बेसला प्लसकडून २.२ के (के म्हणजे हजार ओहम). आता दुसरा ट्रान्झिस्टर बीसी ५४७, त्याचा बेस जोडायचा बीडी १३९ च्या एमिटरला, कलेक्टर बीडी १३९ च्या बेसला, एमिटर मायनसला. बस, एवढंच.

चालतं कसं तर, २.२ के मधून करंट येऊन मोठा ट्रान्झिस्टर उघडतो, दिव्यातून करंट वाहू लागतो, तो ४.७ ओहममधून जाताना त्याच्यावर व्होल्टेज तयार होतं. ते ०.६५ व्होल्टच्या पुढं गेलं की छोटा बीसी ५४७ जागा होतो अन् मोठ्याच्या बेसचा करंट स्वतःकडं ओढून मायनसला सोडतो. मोठा तेवढा आवळला जातो. ०.६५ भागिले ४.७, म्हणजे १३८ मिलिअँपिअर. मीटरवर १३६ आले. मग चार्जर लावून १४ च्या वर नेलं तरी १३७, अन् बॅटरी उतरवत ११.८ पर्यंत आणली तरी १३६. हे पाहून माणूस खुश नाही होणार तर काय.

बीडी १३९ थोडा गरम लागतो, हात ठेवता येतो. १२.७ ला त्याच्यावर ३ व्होल्ट उरतात, गुणिले ०.१३८, म्हणजे ०.४ वॉट. हवेतच चालतो, हीट सिंक नको. पण त्याची मागची पत्रा बाजू कलेक्टरला जोडलेली असते, ती कुठं धातूला टेकू द्यायची नाही.

पाय लावताना लक्ष ठेवायचं. बीसी ५४७ सपाट बाजू आपल्याकडं धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बीडी १३९ नंबर आपल्याकडं धरला तर एमिटर, कलेक्टर, बेस. क्रम वेगळा आहे, अन् नवीन पोट्टे हमखास इथंच अडकतात.

३ फेब्रुवारी

घरात उडालेले एलईडी बल्ब एका थैलीत साचले होते, माय फेकू देत नाही, म्हणे कामी येतात. आले. नऊ वॉटचा बल्ब उघडला की आत ॲल्युमिनियमच्या ताटलीवर दहा-बारा पिवळे ठिपके दिसतात, त्यातल्या एखाद्यावर काळा डाग असतो, तोच उडालेला. सगळे सिरीजमध्ये असल्यामुळं एक मेला की सगळी माळ बंद. बाकीचे चांगले असतात.

खरी गंमत अशी की काही बल्बांतला एकेक ठिपका ३ व्होल्टचा नसतो, आतमध्ये तीन चिपा सिरीजमध्ये असल्यामुळं ९ व्होल्टच्या आसपास घेतो. मीटरच्या डायोड रेंजवर लागत नाही म्हणून लोक मेलेला समजतात. १२ व्होल्टला १ के लावून तपासा, लागतो. मग असा एकच ठिपका म्हणजे आपल्या तीन एलईडींची पूर्ण माळ, १२ व्होल्टला नेमका बसणारा. ताटलीवरचा तांब्याचा रस्ता ब्लेडनं खरवडून दोन चांगले ठिपके वेगळे केले अन् प्रत्येकाला आपापलं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट दिलं, पण ४.७ च्या जागी १० ओहम, म्हणजे ६५ मिलिअँपिअर प्रत्येकी. दोन्ही एकाच सर्किटवर पॅरलल टाकले तर एक जास्त घेईल अन् दुसरा कमी, म्हणून नाही टाकले. ताटली परत त्याच बल्बच्या अंगात बसवली अन् वरची पांढरी टोपी लावली. आयता हीट सिंक, आयतं कव्हर, अन् डोळ्यात एलईडी टोचत नाही.

बल्ब उघडताना तो होल्डरमध्ये असता कामा नये. त्याच्या आतला ड्रायव्हर सरळ २३० शी जोडलेला असतो, मधात काही आडोसा नसतो. अन् हा १२ व्होल्टचा बल्ब आता परत घरच्या होल्डरमध्ये कोणी लावू नये म्हणून त्याची पितळी टोपी कापून टाकली. हे करायचंच, कारण घरात पाहुणे येतात, त्यांना काय माहीत.

११ फेब्रुवारी

वायरिंग. बॅटरी माजघरात लाकडी फळीवर, जमिनीपासून वर, पोरांच्या हाताबाहेर. बॅटरीच्या प्लसला लागूनच २ अँपिअरचा फ्यूज, वीतभर अंतरावर. लोक म्हणतात १२ व्होल्टनं काय होते, झटका नाही बसत, खरं आहे, पण ही एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडू शकते अन् वायर लाल होऊन पेटते. फ्यूज दिव्यापाशी लावून उपयोग नाही, बॅटरीपाशीच पाहिजे, म्हणजे पुढची सगळी वायर त्याच्या राखणीत येते.

संडास घरापासून २० मीटर. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर किलोमीटरला ३६-३७ ओहम असते, जाऊन-येऊन ४० मीटर धरले तर दीड ओहमच्या आत. १३० मिलिअँपिअरला ०.२ व्होल्ट पडतात. करंट बांधलेला असल्यामुळं दिव्याला ते समजतही नाही, बीडी १३९ वर तेवढं कमी तापतं इतकंच. काकाजी म्हणाले कुंपणाचा तार पडला आहे, तोच वापर. लोखंडाचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण सहापट, शिवाय जॉइंटला गंज, म्हणून नाही घेतला. अन् कुंपणाच्या तारेवरून आठवलं म्हणून लिहितो, रानडुकरांसाठी झटका मशीन लावा, ती बॅटरीवरची असते अन् थांबून थांबून बारीक झटका देते, पण तारेत डायरेक्ट लाइन सोडू नका बाप्पा. त्यानं माणसं मेली आहेत, ढोरं मेली आहेत, अन् गुन्हा आहे तो.

कोणता दिवा आधी लावायचा यावर घरात मतं पडली. मी चुलीपासून सुरू करणार होतो. आजी म्हणाली, "संडासाकडं लाव पहिले एक, रातच्याला इचू दिसत नाई." आजीचं मत शेवटचं.

१५ फेब्रुवारी

संडासाच्या दिव्याला एलडीआर (उजेडावर ज्याचा रेझिस्टन्स बदलतो तो) जोडला, अंधार पडला की आपोआप लागतो. वेगळा एक बीसी ५४७ घेतला, त्याचा कलेक्टर मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर मायनसला. त्याच्या बेसला प्लसकडून १ के अन् एलडीआर, खाली मायनसला १० के चा प्रिसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स). हा दिवा म्हणजे तो दोन ठिपक्यांचा बल्ब, त्यात बीडी १३९ दोन आहेत, म्हणून दोघांना एकेक बीसी ५४७ दिला, एलडीआर मात्र एकच, दोन्ही बेस १-१ के मधून त्याच जागी. दिवसा एलडीआरचा रेझिस्टन्स कमी, छोटा ट्रान्झिस्टर उघडा, मोठ्याचा बेस दाबून धरलेला, दिवा बंद. संध्याकाळी एलडीआर वाढत वाढत जातो, छोटा सोडून देतो, दिवा लागतो. प्रिसेट फिरवून गाई परत येतात त्या सुमाराला लागेल असा ठेवला.

दिव्याचा उजेड एलडीआरवर पडला तर दिवा लागतो-विझतो-लागतो असा फडफड करतो, म्हणून एलडीआर भिंतीच्या पलीकडं, छपराच्या वळचणीला, काळ्या स्लीव्हमध्ये तोंड आभाळाकडं करून लावला आहे.

हा दिवा रात्रभर जळतो, ११-१२ तास, लाइन असो नसो. १३० मिलिअँपिअर गुणिले १२ म्हणजे रात्रीला दीड एएच. ८ एएचच्या बॅटरीतून रोज एवढं निघालं अन् सकाळी पंपाच्याच चार्जरनं भरलं तर बॅटरी फिरती राहते. मला तेच पाहिजे होतं.

२४ फेब्रुवारी

आता कटऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली आली की दिवे आपोआप तोडणारं सर्किट. हा या सगळ्याचा जीव. दिवे विसरून चालू राहिले अन् दोन-तीन दिवस लाइन आली नाही तर बॅटरी तळाला जाईल, अन् लेड ॲसिडला तळ दाखवला की तिचं आयुष्य तिथंच कापलं. इथं एक गोष्ट करंट बांधणाऱ्या सर्किटच्या विरोधात जाते, तीही सांगायला पाहिजे. साधा रेझिस्टन्स असता तर बॅटरी उतरली तसा दिवा मंद होऊन सांगितलं असतं. आपला दिवा शेवटपर्यंत तेवढाच उजेड देतो अन् बॅटरी मुकाट्यानं मरते. म्हणून असा दिवा करायचा तर कटऑफ सोबत करायचाच, त्याच्याशिवाय करू नका.

रिले वापरायचा नाही, कारण रिलेची कॉइलच ३०-४० मिलिअँपिअर पिते. दोन ट्रान्झिस्टरची कुलूप पद्धत केली. बॅटरीच्या प्लसवर बीडी १४०, हा पीएनपी, म्हणजे बीडी १३९ च्या उलट्या जातीचा, एमिटर बॅटरीकडं अन् कलेक्टर दिव्यांच्या लाइनकडं. त्याचा बेस १ के मधून बीसी ५४७ च्या कलेक्टरला, बीसी ५४७ चा एमिटर मायनसला. अन् त्या बीसी ५४७ चा बेस कुठून चालतो तर दिव्यांच्या लाइनकडून, ११ व्होल्टचा झेनर उलटा लावून अन् १ के मधून. बेसपासून मायनसला १० के, झेनरमधून झिरपणाऱ्या करंटनं उगाच जागा राहू नये म्हणून.

म्हणजे दोघं एकमेकांना धरून उभे आहेत. बीडी १४० चालू आहे म्हणून लाइनला व्होल्टेज आहे, लाइनला व्होल्टेज आहे म्हणून झेनर वाहतो, झेनर वाहतो म्हणून बीसी ५४७ चालू आहे, अन् तो चालू आहे म्हणून बीडी १४० चालू आहे. बॅटरी उतरून दिव्यांच्या लाइनचं व्होल्टेज साडेअकराच्या थोडंच वर उरलं की झेनर सोडतो, अन् एकदा सुटला की सगळं एकदम पडतं. परत आपोआप लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण लोड निघाला की बॅटरीचं व्होल्टेज थोडं वर येतं, अन् साधा कटऑफ असेल तर दिवा परत लागतो, परत पडतो, रात्रभर टिमटिम. यात तसं होत नाही. सुरू करायला बीडी १४० च्या एमिटर-कलेक्टरवर एक पुश बटन, क्षणभर दाबलं की कुलूप लागतं.

१ के मधून ११ मिलिअँपिअर फुकट जातात, ते मान्य. तीन दिवे मिळून ४०० मिलिअँपिअर होतात, तेवढ्यासाठी बीडी १४० च्या बेसला एवढं द्यावंच लागतं.

३ मार्च

झेनर मूठभर का आणले ते आता. ११ व्होल्ट लिहिलेला झेनर ५ टक्के इकडं-तिकडं असू शकतो, म्हणजे १०.४५ पासून ११.५५ पर्यंत काहीही. बॅटरीच्या हिशेबानं हा फरक म्हणजे अर्धी बॅटरी. अन् वर छापलेलं व्होल्टेज एका ठरावीक करंटला मोजलेलं असतं, एक वॉटवाल्या ११ व्होल्टच्या झेनरला तो २३ मिलिअँपिअर आहे, आपल्या सर्किटात कटऑफच्या वेळी झेनरमधून एक दशांश मिलिअँपिअर जातो. तिथं तो थोडा कमीच दाखवणार.

म्हणून जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर घेतला, १०० के सिरीजमध्ये लावला अन् एकेक झेनर मोजला. करंट जवळपास सर्किटातल्याएवढाच बसतो. १०.६ पासून ११.२ पर्यंत निघाले. प्रत्येकाच्या पायाला कागदाची चिठ्ठी लावून ठेवली. १०.९ वाला बसवला, तर बॅटरी ११.८ ला कटऑफ झाला. झेनर १०.९, बीसी ५४७ चे ०.६, १ के वरचा ०.१ अन् बीडी १४० वर पडणारे ०.२, बेरीज बरोबर येते. दिव्यासारख्या हलक्या लोडवर ११.८ म्हणजे बॅटरीत अजून थोडं शिल्लक आहे, अन् तेच पाहिजे. पंपावर १०.८ पर्यंत नेतात ते वेगळं, तिथं दोन-तीन अँपिअर ओढत असतात, व्होल्टेज लोडमुळंच खाली बसलेलं असतं.

पुतण्यानं दुसऱ्याच दिवशी शोध लावला की कटऑफ झाल्यावर बटन परत दाबलं की दिवा पाच-दहा मिनिटं मिळतो, मग परत दाबायचं. बटन आता फळीच्या वरच्या बाजूला आहे.

१७ मार्च

पुतण्याच्या नादानं एक बाजूचं काम. घड्याळातले, रिमोटमधले संपलेले सेल फेकण्याआधी त्यांच्यावर एक एलईडी लावायचा. १.५ व्होल्टचा सेल १ व्होल्टवर आला की लोक मेला म्हणतात, अन् पांढऱ्या एलईडीला तर ३ व्होल्ट पाहिजेत. पण एक ट्रान्झिस्टर, १ के चा एक रेझिस्टन्स अन् फेराइटच्या रिंगवर दोन गुंडाळ्या, एवढ्यात काम होतं. हे सर्किट १९९९ मध्ये एका ब्रिटिश मासिकात छापून आलं अन् जगभर पोरांनी बनवलं, जूल थीफ म्हणतात. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की कॉइल ती जोरानं बाहेर टाकते अन् त्या उसळीत एलईडी लागतो.

रिंग जुन्या सीएफएलच्या बुडातून काढली, छोटीशी असते. सीएफएलची काचेची नळी फोडू नका, आत पारा असतो, फक्त खालचं प्लास्टिक उघडा, अन् आतल्या मोठ्या कॅपॅसिटरचे पाय आधी रेझिस्टन्सनं डिस्चार्ज करा. रिंगवर दोन वायरी सोबत धरून २०-२० वेढे दिले. एका वायरीचं सुरुवातीचं टोक अन् दुसरीचं शेवटचं टोक एकत्र करून सेलच्या प्लसला. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १ के मधून बेसला, दुसरं कलेक्टरला. एलईडी कलेक्टर-एमिटरवर, एमिटर मायनसला. पोरानं दोन्ही सुरुवातीची टोकं एकत्र केली होती म्हणून लागत नव्हता. एका गुंडाळीची टोकं उलटवली की लागला, अन् "काका लागला लागला" करत गल्लीभर फिरला.

एलईडी काढून सर्किट चालू ठेवू नये, उसळी जायला जागा मिळत नाही अन् बीसी ५४७ ची ४५ व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते. उजेड देवघरापुरता, वाचायला नाही. यानं घर उजळत नाही, कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. पण सेल पार निचरून निघतो.

२८ एप्रिल

बाहेर ४४, स्वयंपाकघर टिनाखाली आहे, तिथं दुपारी त्याहून वर. चुलीजवळच्या दिव्याचा करंट मोजला तर १२७ मिलिअँपिअर. जानेवारीत १३६ होता. बिघाड नाही, हा ट्रान्झिस्टरचा स्वभाव आहे. सिलिकॉनच्या बेस-एमिटरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. गरमी २० अंशांनी वाढली तर ०.६५ चे ०.६१ होतात अन् त्याच हिशेबात करंट कमी होतो. अन् हे आपल्या फायद्याचं आहे, गरमीत एलईडीला कमी करंट पाहिजेच, ते न मागता झालं.

बॅटरीचं मात्र उलट. गरमीत चार्जिंगचं व्होल्टेजही कमी पाहिजे, नाहीतर आतलं पाणी उडतं अन् सीलबंद असल्यामुळं वरून टाकता येत नाही. पंपाचा चार्जर हे पाहत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये चार्जिंग दुपारी बंद, पहाटे लावायचं अन् हिरवा झाला की काढायचं, लावून विसरायचं नाही. बॅटरीची फळी टिनाखालून काढून मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवली.

१९ मे

वादळ आलं अन् डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळली. गाव अंधारात. आमच्याकडं पहिल्या रात्री तिन्ही दिवे, दुसऱ्या रात्री कटऑफनं पाडलं ते पहाटेच्या सुमाराला. बटन वर असल्यामुळं कोणी दाबलं नाही. सकाळी बॅटरी मोजली, लोड नसताना १२.१. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तिला भरली, मधात १२ व्होल्टचा २१ वॉटचा गाडीचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये टाकून, म्हणजे करंट दीड-पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. ट्रॅक्टर चालू ठेवावा लागतो, बंद असताना दोन्ही १२ व्होल्टच्याच, काही जात नाही.

काकाजी रात्री ओसरीत येऊन बसले होते. "माह्या पंपाची बी बॅटरी पाहाय नं भाऊ, पडली हाय तशीच." पाहिली. मीटरवर ४.८ व्होल्ट अन् बाजूनं फुगलेली. ती गेली. दुसरी त्यांचीच मागच्या वर्षीची, पंपावर लावली की टाकी अर्धी होत नाही तर बसते, म्हणून बाजूला टाकलेली, पण घरच्या चार्जरवर अधूनमधून भरत असलेली. ती १२.३. ती घेऊन आलो.

१५ जून

पहिला पाऊस. संडासाच्या दिव्याभोवती रात्री पाखरांचा ढग. तिथला थंड पांढरा ठिपका काढून पिवळसर वॉर्म व्हाइट लावला, निळा उजेड कमी असला की पाखरं कमी येतात. कमी म्हणजे कमी, बंद नाही.

६ जुलै

आपली बॅटरी परत पंपात. रात्री भरून ठेवली होती, सकाळी चार्जर काढून दोन तासांनी मोजली तर १२.७. पऱ्हाटीवर पहिली फवारणी केली, टाक्यामागून टाक्या गेल्या, पंपाचा दाब शेवटपर्यंत तोच. बाबांना माझं दिव्याचं काम पोरखेळ वाटत होतं, त्यांनी आज काही म्हटलं नाही, नुसतं विचारलं, नवी बॅटरी आणायची नाही का मंग. नाही.

पण घरात दिवे बंद पडले, अन् पावसाळ्यातच लाइन जास्त जाते. बायको म्हणाली, सहा महिने सवय लावून दिली अन् आता झडीच्या दिवसात अंधार. तिचं बरोबर होतं. काकाजींची ती पंपातून काढून टाकलेली बॅटरी फळीवर चढवली. पंपाला दोन-तीन अँपिअर लागतात, तिथं तिचा आतला रेझिस्टन्स वाढल्यामुळं ती बसते. दिव्यांना अर्धा अँपिअरही लागत नाही. तिन्ही लावून पाहिले, पाच तास चालली अन् मग कटऑफनं पाडली. नुसता संडासाचा अन् चुलीचा ठेवला तर त्याहून जास्त जाईल. गावात अशा बॅटऱ्या प्रत्येक गोठ्यात पडल्या आहेत, भंगारवाला किलोनं नेतो. काकाजींनी आता स्वतःच्या घरासाठी दोन दिवे सांगितले, झेनर चिठ्ठी लावलेले उरले आहेतच, बीडी १४० एक कमी पडतो, तो यवतमाळहून आणायचा.